मुंबईचे कापड आणि जकातीचा हिशेब

चादर, पलंगपोस आणि उशीचा अभ्रा या वस्तू घरोघर असतात आणि म्हणूनच त्या कोणाच्या विशेष ध्यानात येत नाहीत. परंतु १ मार्च २००१ रोजी जिनीव्हा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने जो निवाडा दिला, त्याचा विषय ह्याच वस्तू होत्या, आणि त्या निवाड्याने पुढे दहा-बारा वर्षे युरोपातील व अमेरिकेतील जकात आकारणाऱ्या खात्यांना आपल्या हिशेबाची रीत पुन्हा तपासून पाहावयास लावली. वादी होता भारत, प्रतिवादी होता युरोपीय समुदाय, आणि भारतीय निर्यातदारांच्या वतीने हा लढा ज्या संस्थेने अंगावर घेतला, ती सुती कापडाच्या निर्यातीस उत्तेजन देण्यासाठी १९५४ साली स्थापन झालेली ‘टेक्सप्रोसिल’ ही परिषद मुंबईत होती. ज्या शहराने शंभर वर्षांपूर्वी परक्या कापडापासून आपले रक्षण व्हावे म्हणून सरकारदरबारी अर्जांमागून अर्ज केले होते, त्याच शहराचे कापड आता ‘अन्यायाने स्वस्त’ ठरवून परक्या बंदरावर अडविले जात होते. हा उलटा फेरा केवळ चमत्कारिक म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्याच्या तळाशी एक गोष्ट आहे, व ती अशी की जकातीचा न्याय अथवा अन्याय तिच्या दरापेक्षा त्या दराच्या हिशेबाच्या रीतीत अधिक वसत असतो, आणि ती रीत उघडपणे तपासून पाहणारे कोणी असल्याखेरीज दुर्बळाला न्याय मिळत नाही.

मुंबईच्या कापडाला हिशेबाचा पहिला कडू घोट मिळाला तो एकोणिसाव्या शतकात. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेव येथे कापूस कातण्या-विणण्याची कंपनी उभारल्यापासून वीस वर्षांच्या आत गिरण्यांची संख्या इतकी वाढली की १८७५ साली गिरणीमालकांना आपला संघ स्थापन करावा लागला, आणि त्याच सुमारास मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचे डोळे हिंदुस्थानातील आयातजकातीकडे वळले. जकात वास्तविक सरकारी खर्चासाठी होती, आणि तीही शेकडा पाचच. परंतु तिच्या आडोशाने मुंबईच्या गिरण्या वाढत आहेत अशी लँकेशायरची तक्रार होती. या तक्रारीपुढे मान तुकवून व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी १८७९ साली आपल्या कौन्सिलातील बहुमताचा विरोध बाजूला सारून जाड्याभरड्या कापडावरील जकात उठविली, आणि १८८२ साली लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत उरलेलीही गेली.

पुढे रुपयाचा भाव उतरला, खजिन्यात तूट आली, आणि १८९४ साली सरकारला आयातजकात पुन्हा बसवावी लागली. तेव्हा लँकेशायरला न दुखविता पैसा कसा उभारावा हा प्रश्न उत्पन्न झाला आणि त्यातून ती युक्ती निघाली, जिला सरकारी भाषेत ‘समतोल साधणारा कर’ असे म्हटले जाई: बाहेरून येणाऱ्या सुती मालावर जितकी जकात, तितकाच कर देशात तयार होणाऱ्या मालावर. १८९४ च्या डिसेंबरात हा कर वीस नंबरावरील देशी सुतापुरता होता. १८९६ च्या कायद्याने सूत दोन्ही बाजूंनी मोकळे झाले, विलायती कापडावरील जकात शेकडा साडेतीनवर आली, आणि देशी गिरण्यांत विणलेल्या प्रत्येक कापडावर, मग ते तलम असो की मांजरपाटासारखे जाडेभरडे असो, शेकडा साडेतीनच कर बसला. हातमाग तेवढे यातून सुटले.

कागदावर पाहिले तर दोन्ही पारड्यांत साडेतीनच होते, आणि समतोल साधला असे कोणीही म्हणावे. परंतु तराजूत काय घातले आहे हे पाहावयास गेले, म्हणजे त्या हिशेबाचे खरे रूप दिसे. मुंबईच्या गिरण्या प्रामुख्याने जाडे सूत कातीत व जाडे कापड विणीत. लँकेशायरहून येई तो माल बहुतांशी तलम असे. जेथे स्पर्धाच नव्हती, तेथे समतोल तो कशाचा साधावयाचा? जाड्या कापडावरील कराने लँकेशायरचा लाभ होण्याजोगा नव्हता. मात्र ते कापड ज्यांच्या अंगावर असे, त्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना ते महाग पडे. हाच आक्षेप हिंदी पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी त्या वेळी पुनःपुन्हा घेतला. टिळकांनी १८९६ साली महाराष्ट्रात विदेशी कापडावरील बहिष्काराची चळवळ उभारली ती या कराच्या निषेधार्थच, म्हणजे वंगभंगाच्या नऊ वर्षे आधी. आक्षेप योग्य होता, आकडे उपलब्ध होते. नव्हते ते एवढेच, की हे आकडे ज्याच्यापुढे ठेवावेत असे त्रयस्थ न्यायासन कोठेही नव्हते. ज्या सरकारने कर बसविला, त्याच सरकारकडे दाद मागावयाची, आणि त्या सरकारचे धनी लंडनमध्ये लँकेशायरच्या मतदारांकडे पाहून बोलत.

हा कर एकंदर तीस वर्षे राहिला. तो गेला तोही न्यायबुद्धीने नव्हे. १९२५ साली मंदीचे कारण सांगून मुंबईच्या गिरणीमालकांनी मजुरीत शेकडा साडेअकरा कपात केली, सुमारे दीड लाख कामगार सप्टेंबरात संपावर गेले आणि अडीच महिने तो संप टिकला; कर उठला तर कपात मागे घेऊ असे मालक म्हणत होते, आणि अखेर सरकारने कराची वसुली डिसेंबरात तहकूब केली, कपात रद्द झाली, व पुढच्या साली करही कायमचा रद्द झाला. गिरणगावातील चुली अडीच महिने विझलेल्या राहिल्या तेव्हा कोठे त्या साडेतीन टक्क्यांचा हिशेब चुकीचा ठरला, ही गोष्ट या इतिहासात विसरण्यासारखी नाही. संपानंतरच्याच जानेवारीत ना. म. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईच्या गिरणीकामगारांची मोठी संघटना स्थापन झाली.

मध्यंतरी जगात दुसराच विचार रूढ होत होता. एखादा माल स्वदेशात ज्या किमतीस विकला जातो, त्याहून कमी किमतीस तो परदेशी पाठविणे याला इंग्रजी व्यापारी परिभाषेत ‘डंपिंग’ म्हणजे मालाची ओतणी असे नाव पडले होते, आणि अशा मालावर किमतींतील फरकाइतकी खास जकात बसविण्याचा पहिला कायदा १९०४ साली कॅनडाने केला. त्यानंतर न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका ह्या देशांनीही तसे कायदे केले. १९२३ साली जेकब व्हायनर या अर्थशास्त्रज्ञाने या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या कल्पनेचा मोह स्पष्ट आहे: सर्वसाधारण जकात सर्वांना लागते, ही मात्र ‘दोषी’ मालालाच लागते, म्हणून तिला न्यायाचे रूप येते. परंतु न्यायाचे रूप आले की न्यायाच्या अटीही आल्या. आरोप कोणता, पुरावा कोणता, आरोपीचे म्हणणे कोणी ऐकले, आणि दंडाचा आकडा कसा काढला, हे चारही प्रश्न तिच्यामागोमाग आले.

मुंबईला हे प्रश्न पडले ते जपानी कापडाच्या संदर्भात. १९२६ साली फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखाली कापडधंद्याच्या चौकशीसाठी जे टॅरिफ मंडळ नेमले गेले, त्याने मुंबईच्या गिरण्यांच्या दुरवस्थेची कारणे शोधताना जपानी गिरण्यांतील दोन पाळ्या आणि विशेषतः स्त्रियांची रात्रपाळी यांकडे बोट दाखविले, आणि या मार्गाने मिळणारा फायदा हा अन्याय्य स्पर्धेचा भाग होय असे मानले. उपाय कोणता, याविषयी मात्र अध्यक्ष आणि इतर सदस्य यांचे एकमत झाले नाही. ज्याला आपण अन्याय म्हणतो, त्याला शेकड्यात मोजावयास बसले की विद्वानांचीही मते भिन्न होतात, याचे हे जुने उदाहरण होय. १९२९ साली जपानने स्त्रियांची रात्रपाळी बंद केली. स्पर्धा मात्र थांबली नाही, कारण १९३१ च्या डिसेंबरात जपानने सुवर्णपरिमाण सोडले, येनचा भाव कोसळला, आणि जपानी कापड अगोदरच स्वस्त होते ते आणखी स्वस्त झाले.

आता जकातीचे आकडे झपाट्याने चढू लागले. १९३० साली ब्रिटिश मालावर शेकडा पंधरा आणि इतरांवर शेकडा वीस असलेली कापडावरील जकात १९३२ च्या ऑगस्टात ब्रिटिशेतर मालापुरती शेकडा पन्नासवर आणि १९३३ च्या जूनमध्ये शेकडा पंचाहत्तरवर गेली. येथे कायद्याची एक अडचण होती. १९०४ सालच्या व्यापारी तहान्वये जपानला इतर देशांहून वाईट वागणूक देता येत नव्हती, म्हणून एकट्या जपानवर रोखलेली जकात सर्व ब्रिटिशेतर देशांवर बसवावी लागे. ही अडचण दूर करण्यासाठी सरकारने १९३३ च्या एप्रिलमध्ये तो तह संपविण्याची नोटीस दिली आणि त्याच सुमारास उद्योगसंरक्षणाचा एक विशेष कायदा करून घेतला.

जपानच्या सूतगिरण्यांनी यावर जे उत्तर दिले, ते मुंबईच्या गिरण्यांना लागले नाही; ते लागले कापूस पिकविणाऱ्यांना. हिंदुस्थानातील आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपानच होते, आणि १९३३ च्या जूनपासून जपानी गिरण्यांनी तो कापूस विकत घेण्यावर बहिष्कार घातला. परळच्या गिरणीचे रक्षण करावे तर वऱ्हाड-खानदेशातील शेतकऱ्याच्या गाठी पडून राहतात, आणि शेतकऱ्याचा विचार करावा तर गिरणी धोक्यात येते, हा पेच तेव्हा प्रथमच इतक्या उघड्या स्वरूपात लोकांपुढे आला. सप्टेंबरात सिमल्यास वाटाघाटी सुरू झाल्या आणि १९३४ च्या जानेवारीत जो समझोता झाला, त्यात जकात शेकडा पन्नासवर उतरली आणि कापडाचे वार कापसाच्या गाठींशी बांधले गेले: जपानने दहा लाख गाठी घेतल्या तर साडेबत्तीस कोटी वार, आणि पंधरा लाख गाठी घेतल्या तर चाळीस कोटी वार, त्यापलीकडे नाही. इकडे मुंबईच्या गिरणीमालकांच्या वतीने होमी मोदी यांनी लँकेशायरच्या शिष्टमंडळाशी स्वतंत्र करार करून मुंबईतच विलायती कापडाचा प्रश्न मिटविला होता. या सर्व व्यवहारात न्यायाची भाषा होती, परंतु न्यायासन नव्हते. ज्याच्या हाती गाठी किंवा वार अधिक, त्याच्या बाजूला पारडे झुकले. १८९६ सालापेक्षा फरक इतकाच होता, की या वेळी पारड्यात टाकण्यासाठी आपल्या हाती काही होते.

महायुद्धानंतर १९४७ साली जिनीव्हा येथे जो सर्वसाधारण जकात-करार झाला, त्यावर सही करणाऱ्या पहिल्या तेवीस देशांत हिंदुस्थान होता, आणि त्या कराराच्या सहाव्या कलमाने डंपिंगविरोधी जकातीला प्रथमच आंतरराष्ट्रीय मर्यादा घातली. १९९४ साली तिला अधिक तपशीलवार रूप मिळून १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेचे न्यायासनही अस्तित्वात आले. म्हणजे १८९६ साली ज्या गोष्टीची उणीव होती, ती भरून निघावयास शंभर वर्षे लागली, आणि योगायोगाने तिचा लाभ घेण्याची वेळही लवकरच आली.

युरोपातील कापडधंद्याच्या ‘युरोकॉटन’ या संघाच्या तक्रारीवरून १९९६ साली भारत, पाकिस्तान आणि इजिप्त येथून येणाऱ्या सुती चादरी-अभ्र्यांची चौकशी सुरू झाली, आणि १९९७ च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर निश्चित स्वरूपाची जकात बसली. निर्यातदार इतके होते की युरोपीय अधिकाऱ्यांनी त्यांपैकी थोड्यांचा नमुना निवडून त्यावरून हिशेब केला, आणि त्या हिशेबात दोन गोष्टी अशा होत्या की त्या सोप्या शब्दांत सांगितल्याखेरीज पुढील निवाड्याचे महत्त्व कळणार नाही.

पहिली गोष्ट नफ्याची. बहुतेक भारतीय निर्यातदार त्या प्रकारचा माल देशात पुरेसा विकीतच नव्हते, तेव्हा त्यांची ‘स्वदेशातील किंमत’ उत्पादनखर्चात व्यवस्थापनखर्च व नफा मिळवून काढणे भाग होते. हा नफा कोणाचा धरावयाचा? अधिकाऱ्यांनी धरला तो एकट्या बॉम्बे डाइंगचा, म्हणजे १८७९ साली वाडिया घराण्याने स्थापन केलेल्या आणि आपल्या नाममुद्रेने देशभर माल विकणाऱ्या कंपनीचा. आणि तोच आकडा इतरांच्याही माथी मारला. १९९४ च्या डंपिंगविरोधी करारात ‘इतर निर्यातदारांची’ सरासरी घ्यावी असे अनेकवचनी शब्द असताना एकाच कंपनीचा आकडा ‘सरासरी’ कसा होऊ शकेल, हा भारताचा प्रश्न होता.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, कारण तिच्यात हिशेबाच्या रीतीतील अन्याय जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दिसतो. समजा, एक व्यापारी दोन प्रकारच्या चादरी पाठवितो, आणि दोहोंचीही स्वदेशातील किंमत शंभर रुपये आहे. पहिली तो परदेशी नव्वद रुपयांस विकतो, दुसरी एकशे पंधरा रुपयांस. पहिलीत दहा रुपयांची ओतणी झाली, दुसरीत पंधरा रुपये अधिकच मिळाले. दोन्ही मिळून स्वदेशातील किंमत दोनशे आणि परदेशातील दोनशे पाच, म्हणजे एकंदरीत ओतणी मुळीच नाही. परंतु युरोपीय अधिकारी असे करीत की पहिल्या चादरीचे दहा रुपये वहीत लिहावयाचे, आणि दुसरीच्या जागी उणे पंधरा न लिहिता शून्य लिहावयाचे. मग बेरीज दहा येते, आणि निरपराध व्यापारी गुन्हेगार ठरतो. या रीतीला ‘शून्यीकरण’ असे नाव आहे. व्यापाऱ्याच्या विरुद्ध जाणारा प्रत्येक पैसा मोजावयाचा आणि त्याच्या बाजूचा पैसा पुसून टाकावयाचा, असा हिशेब गावच्या वाण्याने केला असता तर त्याला लबाड म्हटले असते. जकातखात्याने केला म्हणून तो पद्धत ठरला होता.

भारताने १९९८ च्या ऑगस्टात जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली, २००० च्या ऑक्टोबरात तिच्या तज्ज्ञमंडळाचा निकाल लागला, आणि दोन्ही पक्षांच्या अपिलांवर १ मार्च २००१ रोजी अपील मंडळाने निवाडा दिला. शून्यीकरणाविषयी त्याचा सारा भर करारातील एका लहानशा शब्दावर होता. करारात तुलना ‘सर्व’ तुलनीय निर्यात-व्यवहारांची करावी असे म्हटले होते, आणि ज्या व्यवहारांच्या जागी शून्य लिहिले ते व्यवहार मोजलेच गेले नाहीत. मग ‘सर्व’ कोठे राहिले? बॉम्बे डाइंगच्या आकड्याविषयी तज्ज्ञमंडळाने भारताच्या विरुद्ध दिलेला निर्णयही अपील मंडळाने फिरविला. शिवाय, विकसनशील देशावर जकात बसविण्यापूर्वी सौम्य उपायांची शक्यता पाहण्याचे जे बंधन करारात आहे, ते पाळले गेले नाही हा तज्ज्ञमंडळाचा निर्णयही कायम राहिला.

निवाडा मिळाला म्हणजे सर्व मिळाले असे नव्हे, हे व्यापारी कायद्याशी संबंध आलेला कोणीही जाणतो. युरोपीय समुदायाने २००१ च्या ऑगस्टात फेरहिशेब करून जकात कमी केली व तिची वसुली तहकूब केली, परंतु नुकसानीच्या हिशेबात ज्यांनी ओतणी केलीच नव्हती अशा उत्पादकांचाही माल धरून ठेवला. भारताला पुन्हा दाद मागावी लागली, आणि २००३ च्या एप्रिलमध्ये तीही बाजू भारताने जिंकली. त्याच साली डंपिंगविरोधी जकात संपली, आणि २००४ च्या जानेवारीत भारतीय चादरींवर निर्यात-अनुदानाच्या कारणावरून निराळ्या नावाची जकात बसली. दारातून गेलेला कर खिडकीतून परत आला.

या खटल्याची शाखा इंग्लंडातही फुटली. जिनीव्हाचा निवाडा पुढच्या काळापुरता होता; मागे भरलेला पैसा त्यातून परत मिळत नव्हता. तेव्हा पाकिस्तानातून व भारतातून चादरी आयात करणाऱ्या आयकिया या कंपनीने भरलेली जकात परत मिळावी म्हणून ब्रिटिश जकातखात्याविरुद्ध दावा लावला, इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने प्रश्न लक्झेंबुर्ग येथील युरोपीय न्यायालयाकडे पाठविला, आणि २७ सप्टेंबर २००७ रोजी त्या न्यायालयाने असे ठरविले की १९९७ ची जकात शून्यीकरण केले तेवढ्यापुरती युरोपच्या स्वतःच्याच कायद्याप्रमाणे अवैध होती, आणि भरणाऱ्यांना परतावा मागण्याचा हक्क आहे. परतावा आयात करणाऱ्यांचा. ज्या विणकरांच्या मागण्या मधल्या काळात बुडाल्या, त्यांना परत देण्याजोगे कोणाच्याही खजिन्यात काही नव्हते. न्याय उशिरा आला की तो प्रथम दप्तरात कागद असलेल्यांपर्यंत पोचतो, आणि माग चालविणाऱ्यापर्यंत बहुधा पोचतच नाही.

तरीही या निवाड्याचे मोल कमी लेखणे बरोबर होणार नाही. अमेरिकाही शून्यीकरण करीत होती. चादरींच्या निवाड्याचा आधार घेऊन कॅनडा, युरोप, जपान आणि इतर अनेक देशांनी तिच्याविरुद्ध एकामागून एक खटले जिंकले, आणि २०१२ साली अमेरिकेला आपल्या नियमांत बदल करावा लागला. ज्या देशाला १८९६ साली आपल्याच कापडावरील कराचा हिशेब विचारता येत नव्हता, त्या देशाने मिळविलेला निवाडा श्रीमंत राष्ट्रांनी एकमेकांविरुद्ध वापरला, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात कोठे तरी यावयास हवी.

मात्र या अभिमानाबरोबर आपल्यावर एक जबाबदारीही येते. भारताने १९८२ साली आपल्या जकातकायद्यात डंपिंगविरोधी तरतूद केली, पहिली चौकशी १९९२ साली केली, आणि थोड्याच वर्षांत अशी जकात सर्वाधिक वापरणाऱ्या देशांत आपली गणना होऊ लागली. आता न्यायाचे प्रश्न आपल्याच कचेऱ्यांपुढे आहेत. चीन आणि थायलंड येथील टायरांच्या प्रकरणात ज्या अधिकाऱ्याने पक्षकारांचे म्हणणे ऐकले तो बदलला आणि निर्णय दुसऱ्याच अधिकाऱ्याने दिला. तेव्हा २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे काम न्यायदानासारखे आहे, आणि ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यावा हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व येथेही लागू आहे. परक्या निर्यातदारालाही आपल्याकडे हा हक्क मिळतो, ही गोष्ट आपल्या निर्यातदाराला जिनीव्हात मिळालेल्या न्यायाइतकीच महत्त्वाची आहे. कारण दुसऱ्याला मोजताना आपण काय पुसतो, यावरच आपल्या तक्रारीचे नैतिक वजन ठरते.

आणि आता काळजीची गोष्ट. ज्या अपील मंडळाने ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ लावला, त्याच्या रिकाम्या जागांवर नवे सदस्य नेमण्यास अमेरिकेने संमती न दिल्यामुळे ते २०१९ च्या डिसेंबरपासून काम करू शकत नाही. तज्ज्ञमंडळाचा निकाल ज्याला मान्य नसेल, त्याने अपील करावे आणि ते अपील ऐकणारे कोणीच नसावे, अशी स्थिती आहे. गिरण्यांची धुराडी मुंबईच्या आकाशातून नाहीशी झाली, पण भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर येथे माग चालूच आहेत, आणि त्यांवरचा माल उद्या कोणत्या तरी बंदरावर कोणत्या तरी शून्यामुळे अडेल. त्या वेळी १८९६ साली आपल्या हाती होता तो अर्ज असेल, की २००१ साली होते ते अपील असेल, हे ज्यांच्या हाती आहे त्यांनी सुती कापडाचा हा सव्वाशे वर्षांचा जमाखर्च एकदा नीट वाचावा.